थांबू शकणारे राज्य आणि थांबू न शकणारे राज्य

४ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी लिऑनमधल्या आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. पॅरिसच्या नॅशनल असेंब्लीत पंतप्रधान मिशेल बार्निए यांच्या सरकारवरील अविश्वास प्रस्तावाची मतमोजणी चालू होती आणि थोड्याच वेळात आकडा जाहीर झाला : ३३१. सरकार पाडायला २८८ मते पुरेशी होती. जेमतेम तीन महिन्यांचे ते सरकार पडले, आणि अविश्वास प्रस्तावाने सरकार पडण्याची घटना फ्रान्समध्ये १९६२ नंतर प्रथमच घडली. दुसऱ्या दिवशी सकाळी निवासपरवान्याच्या नूतनीकरणासाठी मला प्रेफेक्त्यूरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकारी कचेरीशी बरेचसे नाते सांगणाऱ्या कार्यालयात, जायचे होते. नव्वदच्या दशकात दिल्लीतली सरकारे एकामागून एक कोसळताना पाहिलेली मी रात्री झोपताना हाच विचार करत होते, की उद्या तिथे कामकाज चालू असेल ना. सकाळी जाऊन पाहते तो रांग नेहमीएवढीच होती. खिडकीमागच्या बाईंनी कागद एकेक करून तपासले, वीजबिलाची प्रत जुनी आहे म्हणून नवी मागितली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. रात्री सरकार पडले होते याचा पुसटसा मागमूसही त्या दालनात नव्हता.

घरी परतताना मला जानेवारी २०१९ मधले कोलंबस शहर आठवले. लिऑनला येण्यापूर्वी आम्ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सात वर्षे राहिलो. आमच्या शेजारच्या बाई विमानतळावर प्रवाशांच्या तपासणीचे काम करत. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आपल्या जागी पक्के होते, काँग्रेसची दोन्ही सभागृहे नियमाप्रमाणे भरत होती, कोणीही राजीनामा दिलेला नव्हता आणि कोणाचे बहुमत गेलेले नव्हते. तरीही २२ डिसेंबर २०१८ पासून २५ जानेवारी २०१९ पर्यंत, तब्बल ३५ दिवस, संघराज्याच्या सरकारचा मोठा भाग बंद होता. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचा पगार थांबला होता. त्यांपैकी निम्म्याजवळ लोक घरी बसले आणि उरलेल्यांना, ज्यांत आमच्या शेजारीणबाई होत्या, बिनपगारी कामावर जावे लागत होते. त्या रोज पहाटे गणवेश घालून बर्फातून गाडी काढत आणि रविवारी चर्चमध्ये वाटल्या जाणाऱ्या धान्याच्या पिशव्या घेऊन येत. नंतर सारा थकलेला पगार मिळाला, तसा कायदाही त्याच जानेवारीत झाला. पण त्या महिन्याचे घरभाडे काही थांबले नव्हते.

सरकार पडूनही न थांबणारे एक राज्य आणि सरकार जागेवर असूनही थांबणारे दुसरे, अशी ही दोन राज्ये मी स्वतः राहून पाहिली. शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दोघांचीही ओळख एकाच वाक्यात होत असे : ही दोन्ही प्रजासत्ताके आहेत, दोन्हीकडे राष्ट्राध्यक्ष आहे आणि दोन्हीकडे सत्तेचे विभाजन आहे. हे वाक्य खरे असले तरी त्याने काहीच उलगडत नाही, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

अमेरिकेत कचेऱ्या का बंद पडतात, याचे मूळ १७८७ च्या राज्यघटनेतल्या एका छोट्या वाक्यात आहे. कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून एकही पैसा बाहेर काढता येणार नाही, असे ते वाक्य सांगते. फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ प्रतिनिधींच्या मनात इंग्लंडच्या राजाची आठवण ताजी होती आणि तिजोरीची किल्ली राज्यकर्त्याच्या हाती राहिली तर बाकीची सगळी कलमे फोल ठरतील, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही पुढची जवळजवळ दोनशे वर्षे, मंजुरीला उशीर झाला तरी कार्यालये चालत राहत. १९८० आणि १९८१ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी जुन्या कायद्याचा काटेकोर अर्थ लावला की मंजुरी नसेल तर जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी अत्यावश्यक असलेले काम वगळता बाकी सारे थांबलेच पाहिजे. तेव्हापासून थांबणे हे अमेरिकी राजकारणातले एक हत्यार झाले. प्रतिनिधिगृह, सिनेट आणि राष्ट्राध्यक्ष या तिघांची सहमती लागते. त्यात सिनेटच्या स्वतःच्या नियमांमुळे चर्चा संपवून मतदानाला जायलाच १०० पैकी ६० मते हवीत. आणि यांपैकी कोणीही दुसऱ्याला घरी पाठवू शकत नाही. राष्ट्राध्यक्षाला काँग्रेस विसर्जित करता येत नाही. काँग्रेसला राष्ट्राध्यक्ष नकोसा झाला तरी महाभियोगाखेरीज मार्ग नाही, आणि १८६८ पासून आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार महाभियोग चालले, पण सिनेटने एकालाही पदावरून दूर केले नाही. म्हणजे भांडण झाले तर सगळ्यांना एकाच घरात, पुढच्या निवडणुकीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत, भांडतच राहावे लागते.

फ्रान्समध्ये बार्निए यांचे सरकार पडले तेव्हा २०२५ चा अर्थसंकल्प अधांतरीच होता. अमेरिकेच्या हिशेबाने १ जानेवारीला कचेऱ्यांना कुलपे लागायला हवी होती. पण काळजीवाहू मंत्र्यांनी एक विशेष विधेयक मांडले : कर गोळा करत राहावेत, कर्ज उभारण्याची मुभा असावी आणि आदल्या वर्षी मंजूर झालेल्या सेवा तशाच चालू ठेवाव्यात. ज्या सभागृहाने बारा दिवसांपूर्वी सरकार पाडले होते त्यानेच एकही विरोधी मत न पडता ते संमत केले. अशा वेळेसाठीची ही तरतूद त्यांच्या कायद्यात आधीपासूनच आहे. शिवाय संसदेने अर्थसंकल्पावर ७० दिवसांत निर्णय दिला नाही, तर सरकार तो अध्यादेशाने अमलात आणू शकते, असे घटनेच्या ४७ व्या कलमात लिहून ठेवले आहे. सरकार म्हणजे काही काळापुरती आलेली माणसे आणि राज्य म्हणजे अखंड चालणारी व्यवस्था, हा भेद फ्रेंच माणसाच्या हाडीमासी इतका खिळलेला आहे की तो शब्दांत मांडण्याची त्याला गरजही वाटत नाही. माझ्या फ्रेंच सहकाऱ्यांना मी अमेरिकेतल्या बंद कचेऱ्यांबद्दल सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "पण मग राज्य कुठे जाते?"

या दोन्ही देशांनी आपला मूळ विचार एकाच माणसाकडून घेतला, ही गोष्ट मला फार विचार करायला लावते. बोर्दोजवळच्या ला ब्रेद गावच्या मोंतेस्क्यू यांचा ग्रंथ १७४८ मध्ये निघाला. कायदे करणारी, ते राबवणारी आणि न्याय देणारी सत्ता एकाच हाती गेली की स्वातंत्र्य उरत नाही, हे त्यांचे प्रतिपादन अमेरिकी घटनाकारांना जवळजवळ पाठ होते. जेम्स मॅडिसन यांनी त्यातून पुढे असा निष्कर्ष काढला की सत्ता नुसत्या वेगळ्या करून भागत नाही. प्रत्येकीला दुसरीची वाट अडवण्याचे साधन द्यावे लागते. म्हणूनच राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार आहे, तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात, नेमणुकांना सिनेटची संमती लागते, आणि १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यापासून न्यायालय कायदाच रद्द करू शकते.

फ्रेंचांनी तोच विचार वाचला, पण त्यांच्या मनातली भीती वेगळी होती. राजेशाहीच्या काळात तिथल्या उच्च न्यायालयांना पार्लमाँ म्हणत. न्यायाधीशांची पदे विकत घेतली जात, बापाकडून मुलाकडे जात, आणि राजाचे फर्मान नोंदवून घ्यायला नकार देऊन ही न्यायालये करसुधारणाही अडवून धरत. म्हणून क्रांतीनंतर लगेच, ऑगस्ट १७९० च्या कायद्याने, न्यायाधीशांनी प्रशासनाच्या कामात कोणत्याही प्रकारे ढवळाढवळ करू नये, अशी सक्त मनाई झाली. फ्रान्समध्ये सत्ताविभाजनाचा पहिला अर्थ हा आहे : न्यायाधीशाने राज्यकारभारापासून लांब राहावे. सरकारी निर्णयाविरुद्ध दाद मागायची तर नेहमीच्या न्यायालयात जाता येत नाही. त्यासाठी प्रशासकीय न्यायालयांची वेगळी साखळी आहे आणि तिच्या शिखरावर नेपोलियनने १७९९ मध्ये स्थापन केलेले काँसेई देता आहे, जे सरकारला सल्लाही देते आणि सरकारविरुद्ध निकालही देते. उच्च न्यायालयात रिट अर्ज करण्याच्या कल्पनेत वाढलेल्या मला ही रचना प्रथम अजिबात पटली नाही. सल्ला देणाऱ्याच संस्थेने न्याय द्यायचा, हे कसे? पण या न्यायालयाने दोनशे वर्षांत सरकारच्या विरोधात दिलेल्या निकालांतूनच फ्रान्सचा सगळा प्रशासकीय कायदा उभा राहिला आहे, हे समजल्यावर माझा विरोध बराच मवाळ झाला. कायद्याची घटनेशी सुसंगती तपासणारी घटना परिषद तर १९५८ ची. तिचा मूळ हेतू संसदेला तिच्या हद्दीत ठेवणे एवढाच होता. नागरिकांच्या हक्कांची राखणदार ती १९७१ च्या एका निर्णयाने झाली, आणि सामान्य पक्षकाराला तिच्या दारापर्यंत पोचता येऊ लागले ते २०१० पासून. अमेरिकेला १८०३ मध्ये जे मिळाले ते फ्रान्सला मिळायला दोनशे वर्षे लागली. यात मागासलेपण पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. जिथे न्यायाधीश हाच जुलमाचा एक चेहरा होता तिथे त्याच्या हाती कायदा मोडण्याची शक्ती देताना लोक कचरणारच.

पॅरिसला गेले की मी लुक्झेंबूर बागेत थोडा वेळ बसते. समोर जो राजवाडा आहे तिथे आज फ्रान्सची सिनेट भरते. तिचे ३४८ सभासद थेट लोकांकडून निवडले जात नाहीत. मुख्यतः नगरपालिकांच्या प्रतिनिधींचे एक मोठे मतदारमंडळ त्यांना निवडते, म्हणून खेड्यापाड्यांचा आवाज तिथे मोठा असतो. पण मी तिथे बसते ती थॉमस पेन यांच्यासाठी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू आपल्या लेखणीने घरोघरी पोचवणारे पेन १७९२ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय संमेलनावर, म्हणजे क्रांतीच्या काळातल्या तिथल्या एकमेव सभागृहावर, निवडून आले. त्यांना फ्रेंच धड बोलता येत नव्हते, त्यांची भाषणे दुसरे वाचून दाखवत, तरी नव्या घटनेच्या समितीत त्यांचे नाव होते. बॅस्टिल तुरुंगाची किल्ली लाफायेत यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना भेट पाठवली ती पेन यांच्यामार्फत, आणि ती आजही माउंट व्हर्नन येथील वॉशिंग्टन यांच्या घरी आहे. राजाला फाशी देऊ नका, अमेरिकेला हद्दपार करा, असे पेन यांनी भर संमेलनात सांगितले. वर्षभरात, डिसेंबर १७९३ मध्ये, ते कैदेत गेले, आणि ती कैद म्हणजे हाच लुक्झेंबूर राजवाडा, जो तेव्हा तुरुंग झाला होता. अमेरिकेचे नवे राजदूत जेम्स मन्रो यांनी खटपट केल्यावर नोव्हेंबर १७९४ मध्ये त्यांची सुटका झाली.

याच पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' पुण्यात १८४७ मध्ये जोतीराव फुले यांच्या हाती पडले, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. ज्या दोन देशांच्या राज्यरचनांची मी तुलना करते आहे त्या दोन्ही देशांत पेन वावरले आणि त्यांचा विचार माझ्या भाषेत जोतीरावांमुळे रुजला, हे त्या बाकावर बसले की मला फार जवळून जाणवते. पेन यांच्या आयुष्यातच दोन्ही रचनांचा फरक दिसतो, असे मला वाटते. १७९३ च्या फ्रान्समध्ये एकच सभागृह होते, सगळी सत्ता त्याच्याकडे होती, कारण लोकांची इच्छा एक आणि अविभाज्य असते, तिला अडवणारे कोणी असता कामा नये, अशी श्रद्धा होती. त्या सभागृहाने आपल्याच एका सदस्याला तुरुंगात टाकले तेव्हा त्याला थांबवील अशी दुसरी कोणतीही संस्था देशात शिल्लक नव्हती. फिलाडेल्फियातल्या लोकांनी जी धास्ती घेतली होती ती हीच.

राष्ट्राध्यक्ष या पदाबाबत फ्रेंचांना जो चटका बसला तो अमेरिकेला बसला नाही. १८४८ मध्ये त्यांनी प्रथमच सर्व पुरुषांच्या थेट मताने राष्ट्राध्यक्ष निवडला. निवडून आला लुई नेपोलियन बोनापार्ट. तीनच वर्षांनी, २ डिसेंबर १८५१ रोजी, त्याने सत्ता बळकावली आणि वर्षभरात तो सम्राट झाला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष म्हणजे भावी हुकूमशहा, हे समीकरण फ्रेंच प्रजासत्ताकवाद्यांच्या मनातून गेले नाही. १८७३ च्या एका कायद्याने तर राष्ट्राध्यक्षाला संसदेत येऊन बोलायलाच मनाई झाली. त्याचा संदेश दुसऱ्याने वाचून दाखवायचा आणि सगळ्यांनी उभे राहून ऐकायचा, ही प्रथा २००८ च्या घटनादुरुस्तीपर्यंत चालू होती. परिणाम असा झाला की सगळी सत्ता संसदेकडे आली आणि चौथ्या, म्हणजे १९५८ पूर्वीच्या, प्रजासत्ताकाच्या अवघ्या बारा वर्षांत वीसहून अधिक सरकारे झाली. अल्जीरियातल्या युद्धाने मे १९५८ मध्ये देश यादवीच्या तोंडाशी आला तेव्हा जनरल द गॉल यांना बोलावण्यात आले, आणि मिशेल दब्रे यांच्या देखरेखीखाली आजची, पाचव्या प्रजासत्ताकाची, घटना तयार झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना या प्रश्नाची जी मांडणी केली, तिच्याइतकी स्वच्छ मांडणी मला दुसरीकडे कुठे सापडली नाही. लोकशाहीतल्या कार्यकारी सत्तेला स्थैर्य हवे आणि तिच्यावर जबाबदारीही हवी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अजून कोणाला बनवता आलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य अधिक देते आणि ब्रिटिश पद्धत जबाबदारी अधिक देते, असे त्यांनी सांगितले आणि आपल्या मसुद्याने जबाबदारीला अधिक महत्त्व दिल्याचे स्पष्ट केले. जबाबदारीच्या या पद्धतीत दर प्रश्नाला, दर ठरावाला सरकारची रोज परीक्षा होते. फ्रान्सने दहा वर्षांनी नेमकी तीच अशक्य वाटणारी गोष्ट करून पाहिली. ठरलेल्या मुदतीचा राष्ट्राध्यक्ष ठेवून त्यांनी स्थैर्य घेतले, असेंब्लीला उत्तरदायी असलेला पंतप्रधान ठेवून जबाबदारी घेतली आणि दोन्ही एकाच घटनेत बसवले. १९६२ मध्ये द गॉल यांनी संसदेला बाजूला ठेवून थेट सार्वमत घेतले आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक पुन्हा लोकांच्या मताने व्हावी, असे ठरवून घेतले. त्याचा राग येऊनच असेंब्लीने पंतप्रधान पोंपिदू यांचे सरकार पाडले होते. द गॉल यांनी असेंब्लीच विसर्जित केली, लोकांनी सार्वमतात सुमारे ६२ टक्क्यांचा कौल दिला आणि महिन्याभराने निवडणूकही त्यांच्या पक्षाने जिंकली.

हे सगळे चालते ते राष्ट्राध्यक्षाकडे असेंब्लीत बहुमत असेल तोवर. तेव्हा त्याच्याकडे अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला स्वप्नातही मिळणार नाही एवढी सत्ता असते : पंतप्रधान तो नेमतो, असेंब्ली तो विसर्जित करू शकतो, आणि ४९ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने त्याचे सरकार एखादे विधेयक मतदानाशिवाय संमत झाल्याचे मानू शकते, जर विरोधकांनी अविश्वास प्रस्ताव जिंकला नाही तर. बहुमत विरुद्ध पक्षाकडे गेले की हीच सत्ता पंतप्रधानाकडे जाते. १९८६ मध्ये मितराँ आणि शिराक, १९९३ मध्ये मितराँ आणि बालादूर, १९९७ ते २००२ शिराक आणि जोस्पाँ (प्रत्येक जोडीत आधी राष्ट्राध्यक्ष, मग पंतप्रधान) असे तीन वेळा देशाने हा 'सहवास' पाहिला. अमेरिकेतही राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस दुसऱ्या पक्षाची हे वारंवार होते. पण तिथे दोघे एकमेकांना अडवतात, आणि इथे कारभार एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरी राहायला जातो. हा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून २००० च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षाची मुदत सातवरून पाच वर्षांवर आणली गेली आणि असेंब्लीची निवडणूक त्याच्या निवडणुकीपाठोपाठ येऊ लागली. माझ्या मते ती चूक होती. त्याने असेंब्ली राष्ट्राध्यक्षाची सावली झाली, आणि जून २०२४ मध्ये माक्राँ यांनी ती अचानक विसर्जित केल्यावर लोकांनी कोणालाच बहुमत दिले नाही, तेव्हा त्या परिस्थितीची सवय कोणत्याच पक्षाला उरलेली नव्हती.

४९-३ चा अर्थ मला कळला तो मार्च २०२३ मध्ये. निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करणारे विधेयक त्या कलमाने संमत झाले. अविश्वास प्रस्ताव अवघ्या ९ मतांनी फसला. त्या संध्याकाळी लिऑनच्या रस्त्यांवर जी गर्दी उतरली तीत माझ्या कचेरीतल्या, एरवी राजकारणाचे नाव न काढणाऱ्या बाईही होत्या. अमेरिकेत असा कायदा सिनेटमधल्या साठ मतांपाशी गुपचूप मेला असता. तिथे अडवण्याच्या जागा रचनेच्या आतच पदोपदी आहेत. इथे आत फार थोड्या आहेत, म्हणून अडवणे रस्त्यावर येते. माझ्या शेजारीणबाईंनी कोलंबसमध्ये पगाराविना काढलेले ते पस्तीस दिवस आणि लिऑनमधली ती अश्रुधुराची संध्याकाळ, या दोन्ही मला त्या त्या रचनेच्या किमती वाटतात, आणि दोन्ही ठिकाणी ती किंमत निर्णय घेणाऱ्यांनी मोजलेली नव्हती.

रचनेचा फरक माणसाच्या आयुष्यात किती खोल उतरतो, हे गर्भपाताच्या प्रश्नाने मला सर्वांत स्पष्ट दाखवले. अमेरिकेत हा हक्क १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनेचा अर्थ लावून दिला. फ्रान्समध्ये तो जानेवारी १९७५ मध्ये कायद्याने आला. आरोग्यमंत्री सिमोन वेल यांनी प्रामुख्याने पुरुषांनी भरलेल्या असेंब्लीसमोर तो मांडला, अपमान सोसले आणि मंजूर करून घेतला. जे न्यायालयाने दिले होते ते न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी काढून घेतले आणि प्रश्न पन्नास राज्यांकडे परत गेला. ओहायोमध्ये त्याच दिवशी सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपाताला बंदी लागू झाली. पण ओहायोला स्वतःची राज्यघटना आहे आणि नागरिक सह्या गोळा करून तिच्यात दुरुस्ती सुचवू शकतात. दुरुस्तीसाठी साध्या बहुमताऐवजी ६० टक्के मते लागावीत, असा प्रस्ताव ऑगस्ट २०२३ मध्ये आधी आणला गेला, तो मतदारांनी फेटाळला, आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ५७ टक्के मतांनी हा हक्क राज्याच्या घटनेत लिहिला गेला. आमच्या जुन्या शेजारीणबाई दोन्ही वेळा मतदानाला गेल्या होत्या.

वॉशिंग्टनच्या त्या निकालाचा धसका पॅरिसने घेतला. ४ मार्च २०२४ रोजी दोन्ही सभागृहे व्हर्सायच्या राजवाड्यात एकत्र बसली आणि ७८० विरुद्ध ७२ मतांनी हे स्वातंत्र्य घटनेत आले. मात्र दुरुस्तीची शब्दरचना मी पुन्हा पुन्हा वाचली. स्त्रीला हमी दिलेले हे स्वातंत्र्य कोणत्या अटींवर बजावता येईल ते कायदा ठरवील, असे ती म्हणते. हमी देतानाही फ्रेंच घटनेने शेवटचा शब्द कायद्याकडे, म्हणजे संसदेकडे, ठेवला. ओहायोच्या दुरुस्तीचा सूर अगदी उलटा आहे : राज्याने या हक्काच्या आड येऊ नये. एकाच हक्काची ही दोन वाक्ये शेजारीशेजारी ठेवली की एका लोकसमाजाला राज्य हे रक्षक वाटते आणि दुसऱ्याला ते दाराबाहेर उभे करण्यासारखे वाटते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

खालच्या पायरीवर तर हा फरक आणखी ठळक होतो. कोलंबसमध्ये निवडणुकीच्या दिवसांत घरांसमोरच्या हिरवळीवर पाट्या लागत : शेरीफ, सरकारी वकील, न्यायाधीश, शववैद्यक अधिकारी, एवढेच काय, काउंटीचा अभियंतासुद्धा मतांनी निवडला जात असे. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या अभियंत्याने मते मागायची, हे प्रथम पाहिले तेव्हा मी थक्क झाले होते. लिऑनमध्ये ऱ्होन विभागाचा प्रेफे पॅरिसहून नेमला जातो, हे पद नेपोलियनने १८०० मध्ये निर्माण केले, आणि जिल्हाधिकारी ही संस्था पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. शेजारी निवडून आलेला मेयर असतो. देशात अशी सुमारे ३५ हजार गावे-शहरे आहेत आणि त्यांचे मेयर तिरंगी पट्टा लावून लग्ने लावतात, पण लग्न नोंदवताना तेही राज्याचेच अधिकारी असतात.

मी माझा वाहनपरवाना बदलून घेण्यासाठी फ्रान्समध्ये अर्ज केला, तेव्हा अर्जात अमेरिका एवढे लिहून भागेना. कोणत्या राज्याचा, ते विचारले होते. अमेरिकेत वाहनपरवाना राज्य देते, त्यामुळे फ्रान्सला एकेका राज्याशी वेगवेगळा परस्पर करार करावा लागला आहे. ओहायोशी तो आहे, म्हणून माझा परवाना बदलून मिळाला. कॅलिफोर्नियाशी नाही, त्यामुळे तिथून आलेल्या माझ्या मैत्रिणीला लिऑनमध्ये नव्याने परीक्षा द्यावी लागली. ज्या देशाने आपल्या घटनेच्या पहिल्याच कलमात स्वतःला 'अविभाज्य' म्हटले आहे, त्याने समोरच्या देशाचे पन्नास भाग मान्य करून अर्जात रकाना ठेवला, हे मला त्या दिवशी विलक्षण वाटले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. १ तारखेला अमेरिकेत पुन्हा कचेऱ्या बंद पडल्या. ६ तारखेला सकाळी फ्रान्सचे पंतप्रधान सेबास्तियाँ लकोर्नू यांनी, आदल्या संध्याकाळी मंत्रिमंडळ जाहीर केल्यानंतर, राजीनामा दिला. त्या रात्री मी कोलंबसला फोन लावला. शेजारीणबाई पहाटेच्या पाळीहून परतल्या होत्या आणि पुन्हा बिनपगारी काम चालू होते. या वेळी त्यांनी आपल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करून परिस्थिती सांगितली होती, आणि तिथल्या माणसाने त्यांचे नाव लिहून घेतले होते. मग त्यांनी मला विचारले, "तुमच्याकडे आज सरकार आहे का?" मी म्हटले, "नाही." "मग तुम्ही तिथे काय करताय?" टेबलावर घरपट्टीची नोटीस पडली होती, तिची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर होती. मी त्यांना ते सांगितले. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "भरून टाका. कोणाचा तरी पगार त्यातून होत असेल."